जळकोटचा हेवीवेट

पलटणीला उत्तर सीमेवर जायचा हुकूम आला तेव्हा मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार होतो. माझं गाव नांदेडजवळ, विष्णुपुरीच्या अलीकडे. प्लाटूनमध्ये मराठवाड्याचा दुसरा माणूस एकच, नायक नागनाथ बिराजदार, जळकोटचा. आम्ही दोघं एकाच ट्रकमधून वर गेलो आणि वाटेत एक शब्द बोललो नाही. त्याचं कारण आधी सांगतो.

नागनाथ बॉक्सर होता. हेवीवेट. वजन शहाण्णव किलो आणि घर लिंगायत, त्यामुळे अंडंसुद्धा वर्ज्य. बॉक्सिंगचे उस्ताद कपाळाला हात लावायचे. "घास खाके कौन लड़ता है, बिराजदार?"

"बैल लढतो की, उस्ताद."

सलग दोन वर्षं तो कमांडचा चॅम्पियन होता. एकदा पहिल्याच राउंडला त्याचा अंगठा मोडला. पुढचे दोन राउंड तो त्याच हातानं लढला आणि जिंकला. ग्लोव्ह काढला तेव्हा आम्हाला कळलं. रिंगमध्ये उतरताना गळ्यातलं इष्टलिंग काढून तो माझ्या हातात द्यायचा. त्याच्या कॉर्नरला कायम मीच.

तिसऱ्या वर्षीही तो फायनलला आला. पहिला राउंड त्याचा. दुसऱ्या राउंडच्या शेवटी डाव्या कानावर एक हुक बसला. घंटा झाली. तो येऊन स्टुलावर बसला.

"कान बंद झाला," तो म्हणाला. "पाय ऐकत न्हाईत. दम एक मिनिट पुरंल. राउंडच्या तीन मिनिटांना न्हाई पुरायचा."

"ऊठ. सीओ साहेब बघायलेत."

"न्हाई, दादा. बस्स झालं."

उस्तादांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि रिंगमध्ये टॉवेल टाकला, म्हणजे हार मानली. 

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय, डोक्याला मार आहे, तिसरा राउंड खेळला असता तर उठला नसता. ते कोणी ध्यानात घेतलं नाही. मीही नाही. लंगरमध्ये जेवताना पोरं त्याला 'टॉवेल' म्हणू लागली. तो ताट उचलून सरळ रांगेत उभा राहायचा. मी त्याला एकदाच बोललो.

"दोन वर्षांचं नाव एका मिनिटात घालवलंस."

"माझं होतं, दादा. मीच घालवलं."

त्यानंतर मी बोलणं सोडलं.

आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. पाचला उठायचं, साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं. मग बर्फ उपसायचा, रॉकेलच्या शेगडीवर पाणी वितळवायचं. दर तासाला रेडिओ चेक. खालच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची केबल होती, ती बर्फानं तुटायची. तुटली की दोन जणांची लाइन पार्टी जायची, कमरेला एकच दोर बांधून.

त्या दिवशी केबल सकाळी आठला बंद पडली. नऊला नागनाथ आणि शिपाई संतोष निघाले. संतोष साताऱ्याकडचा, नोकरी दोन वर्षांची. मी रेडिओच्या सेटवर बसलो.

अकरा वीसला नागनाथचा आवाज आला. श्वास मोठा होता.

"बर्फाची कड तुटली. संतोष खाली लटकलाय. जिता हाय. दोर माझ्या कमरेला, आइस अ‍ॅक्स रोवलीय, दोन्ही हात तिच्यावर. ओव्हर."

हात मोकळे नव्हते. बोलायचं बटण तो हनुवटीनं दाबत होता. मी पोस्टच्या मेजरसाहेबांना बोलावलं. दहा मिनिटांत आठ जणांची पार्टी निघाली. वाट दीड तासाची, तीही नुसत्या बर्फातून.

अकरा पन्नासला मी विचारलं, "किती वेळ धरशील? ओव्हर."

"अर्धा तास पुरंल. ओव्हर."

साहेब शेजारीच उभे होते. घड्याळाकडे बघून त्यांनी हिशोब केला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याला सांग, निर्णय त्याचा. दोर कापावा लागला तर त्याला कोणी काही विचारणार नाही."

मी तसंच सांगितलं. 

"हे माझं न्हाई, दादा. ओव्हर."



बारा वीसला त्याचा अर्धा तास संपला. मी दर पाच मिनिटांनी त्याचं नाव घेत होतो. तो फक्त "हाव" म्हणायचा, म्हणजे हो. बारा चाळीसला म्हणाला, "छातीत पाणी वाजायलंय." एवढ्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरलं की माणूस फार वेळ टिकत नाही, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आपल्या अंगात किती दम उरलाय हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मी पाहिला नाही. आणि त्यानं स्वतः सांगितलेली हद्द संपून वीस मिनिटं झाली होती.

बारा पन्नासनंतर "हाव"सुद्धा आलं नाही. नुसता श्वास यायचा. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही.

एक वाजता पार्टी पोचली. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या सेटवरून आवाज आला, "दोर आमच्या हातात. संतोष वर आला. ओव्हर." लगेच त्यांच्यामागून नागनाथ बोलला.

"दादा, सोडू का? ओव्हर."

"सोड, नागनाथ. सोड. ओव्हर."

पार्टीतल्यांनी नंतर सांगितलं, त्याची बोटं अ‍ॅक्सवरून एकेक करून उघडावी लागली.

त्याला पोस्टवर आणलं तेव्हा तीन वाजले होते. ऑक्सिजन लावला. ढगामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं डोळे उघडून विचारलं, "पोरगं?"

"चांगलं हाय. चहा पिऊन राहिलंय."

त्यानं मान हलवली. पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेला.

त्याला घेऊन मी जळकोटला आलो. त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. शाळेची पोरं, बाजारातले दुकानदार, अख्खा गाव आला होता.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको महादेवी हिनं मला आत बोलावलं. दारात सासरे बसले होते.

"भाऊजी, त्यांना त्रास झाला का?"

येताना साहेबांनी मला सांगितलं होतं, घरच्यांना म्हण, काही कळलं नाही, झोपेत गेला. माझ्या तोंडाशी तेच आलं होतं. पण त्या बाईची नजर हलत नव्हती.

"लई झाला," मी म्हणालो. "पावणेदोन तास. शेवटचा पाऊण तास अंगात काहीच उरलं नव्हतं. तरी धरलं."

सासऱ्यांनी तोंडावर पंचा घेतला. ती रडली नाही.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "सगळे म्हणायलेत, झोपेत गेले. म्हणलं, झोपेत जाणारा माणूस न्हवता माझा."