मधलं कापून टाकलेलं

बसस्थानकावरच्या घोषणाबाईंना चेहऱ्यावरून फारसं कोणी ओळखत नसे. तोंड उघडलं की मात्र अख्खी भाजीगल्ली मान वळवायची. "फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी..." यातल्या 'उभी'वर त्या असा काही हेल काढत, की बाकड्यावर पेंगणारेही ताडकन उठत. घरात दूध उतू जात असलं तरी सूर तोच. माइक चालू असताना गप्प बसायचं नाही, हा त्यांचा बाणा. घोषणेत खंड पडला की प्रवासी भोंग्याकडे बघतात, आणि प्रवाशांनी भोंग्याकडे बघणं म्हणजे बाईंची नाचक्की.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना झटका आला. हातपाय वाचले, शब्द तेवढे गेले. म्हणजे आत होते, पण बाहेर यायला तयार नव्हते. पाणी हवं असलं की आधी 'पा', मग भलीमोठी शांतता, मग 'पान', मग कपाळावर हात. शेजारीण चौकशीला आली की बाई तिला दारातूनच कटवत, "अहो, घसा बसलाय त्यांचा!" तो बसलेला घसा काही उठायचं नाव घेईना.

वाचा-उपचार करणारी मुलगी म्हणाली, "काकू, घरातलं साधं बोलणं मोबाईलवर टेप करून आणा. शिकवू नका, सजवू नका. काका कुठे अडतात, एका शब्दाऐवजी कुठला धरतात, ते मला ऐकायचंय. त्यावरून रोज बोलवायचं की नाही ते ठरेल. जागा कमी आहेत हो."

बाईंनी जेवताना टेप केलं. नंतर एकटीने ऐकलं आणि अंगावर काटा आला. हा आपला माणूस? आणि हे त्या परक्या पोरीने ऐकायचं? दुसऱ्या दिवशी घोषणाकक्षातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी ते चढवलं. घोषणेतला खोकला, ठसका छाटायचा हात होताच. त्यांनी अडखळणं छाटलं, 'पान' छाटलं, सगळे खंड छाटले. उरलेला नवरा इतका फडाफडा बोलत होता, की लग्न ठरवतानाही तो एवढं बोलला नव्हता.

मुलीने ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. "काका, छान की! म्हणजे इथे माझ्यापुढे बावरता, एवढंच. मग रोज नको यायला. ही जागा मी दुसऱ्या कोणाला तरी देते."

काकांनी मोबाईलकडे पाहिलं, मग बायकोकडे. जन्मभर टिकटिक ऐकलेला माणूस. ठोका कुठे गळलाय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

बाईंचे कान तापले. सगळ्या स्थानकाला पुरणारा आवाज समोरच्या टेबलापर्यंतही पोचेना. "मी... मधलं कापलं."

"कुठलं मधलं?"

"ते थांबतात ते. चुकतात ते."

"अहो काकू, मला तेच तर हवं होतं!" मुलगी ओरडली नाही, म्हणून जास्तच लागलं. "मूळचं आहे का?"

"पुसलं."

मुलीने स्वतःचा रेकॉर्डर काकांपुढे ठेवला. "काका, आत्ता बोला. मनात असेल ते."

काका बायकोकडे वळले. "तू... ऐकलंस. मग... का..."

'कापलंस' हा शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर तयार होता. त्यांनी दातांखाली जीभ धरली.

"का... कात्री. नाही. का... कापलंस." मग बराच वेळ काहीच नाही. काकांचे ओठ नुसते हलत होते. "माझी... ला... लाज? वाटते?"

'छे हो, भलतंच काय!' हे तर तोंडातून निसटलंच असतं. पण नवरा बघत होता.

"वाटली," बाई म्हणाल्या. "कोणी ऐकेल म्हणून. अजूनही वाटते थोडी."

मुलीने अवघडून रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला. काकांनी तो अडवला. "च... चालू," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द शोधायला लागले. बाई फरशीकडे बघत बसून राहिल्या, एक अक्षर न बोलता.