अनसूयाक्काचा गेट पास

रविवारची दुपार. जेवून मी फरशीवरच आडवी झालेय. डोळे मिटतात, पण कानातली मशिनं थांबत नाहीत. सहा दिवसांची घरघर सातव्या दिवशीही अंगात चालूच असते. वरच्या पंख्याचा आवाज तिच्यात मिसळतो, आणि हळूहळू पंखा कुठला नि मशीन कुठलं तेच कळेनासं होतं.

मी लाईनवर उभी आहे. सोलापूरबाहेरचा आमचा शर्टांचा कारखाना, चाळीस मशिनांची लाईन, आणि मी तिची सुपरवायझर. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एकटी अनसूयाक्का बाह्या लावत बसलीय.

अक्काला जाऊन आठ महिने झाले, हे मला इथंही ठाऊक आहे. मला मशीन शिकवलं ते तिनंच. बोटात सुई घुसली होती तेव्हा पदर फाडून बांधला होता तिनं.

"अक्का, जेवलीस का?" दुसरं काही सुचत नाही मला.

"टार्गेट कुठं झालंय?" ती मान वर करत नाही. "तासाला साठ म्हणालीस ना? पंचावन्नच झाले."

"आता कशाला गं टार्गेट?"

"तू सांगितलंस म्हणून."

ती उठते. मी मागोमाग जाते. दोन पावलांवर फरशी आरशासारखी होते, गार वारा अंगावर येतो. परदेशातलं मोठं दुकान आहे. ओळीनं आमचेच शर्ट टांगलेत. गोऱ्या बायका आमच्या अंगाला घासून जातात, बघत कुणीच नाही. अक्का अनवाणी आहे.

"मालन, ह्याची किंमत वाच की. मला येत नाही."

मी चिठ्ठी वाचते, मनात रुपये करते. "चार हजार."

"आणि माझा दिवस पावणेचारशेचा." ती शर्टाची बाही दोन बोटांत धरून बघते. "म्हणजे दहा दिवस राबले तरी हा एक मिळायचा नाही मला."

एक बाई तोच शर्ट काढून छातीला लावते, आरशात बघून हसते.

"आवडला वाटतं तिला," मी म्हणते.

"बाही नीट बसलीय ना." अक्काच्या तोंडावर क्षणभर जुना तोरा येतो. मग तो विझतो. ती कपडे घालून बघायच्या खोलीचं दार ओढते, आणि आत आमच्या कारखान्याच्या संडासाचा बोळ आहे. ओली फरशी, फिनेलचा वास. अक्काला घाम फुटलाय.

"मालन, छातीत भरून आलंय. गेट पास दे, घरी जाते."

त्या दिवशी दोन वाजता हेच म्हणाली होती ती, अगदी ह्याच आवाजात. संध्याकाळी माल जायचा होता. मी म्हणाले, 'जरा दम धर अक्का, माल निघू दे.' साडेचारला ती संडासात गेली. पाच वाजून दहा मिनिटांनी मी दार तोडायला लावलं. त्याच संध्याकाळी मॅनेजरनं माझ्यापुढं कागद ठेवला: अनसूया येमूल दुपारी एक वाजता स्वतःहून घरी गेल्या. कामावर मेली असं ठरलं तर तिच्या मुलीला भरपाई द्यावी लागली असती. मी सही केली. आता मुलीनं दावा लावलाय, आणि उद्या कामगार न्यायालयात तेच तोंडानं सांगायचं आहे.

"देते अक्का, आत्ता देते पास."

"दिलास की. एकचा." ती भिंतीला टेकते. "एकला मी घरी गेले म्हणतीस. मग साडेचारपर्यंत बाह्या कुणी लावल्या गं?"

"मला भीती वाटली अक्का. नोकरी गेली असती."

"मलाही वाटली. आतून कडी लावल्यावर."

"हाक मारलीस?"

"मारली. मशिनं चालू होती."

मी तिचा हात धरायला जाते. ती तो काढून घेते. रागानं नाही, काम उरलेलं माणूस काढतं तसा. मग मला उजेडाकडं वळवते आणि वरपासून खालपर्यंत बघते. कॉलर, शिवण, काज तपासावं तसं.

"अक्का, काहीतरी बोल."

तिचं बोट माझ्या डाव्या छातीशी येऊन थांबतं.

"अगं, उठतेस का? चहा झालाय." माझा नवरा कप घेऊन उभा आहे. ऊन भिंतीवरून उतरलंय.

"हे काय लावून घेतलंस?" तो म्हणतो.

मी खाली बघते. डाव्या छातीवर, पदरावर, लाल बाणाचा बारका स्टिकर. तयार शर्टात खोट सापडली की चेकर बायका खोट असेल तिथं हा बाण लावतात. ही साडी मी सकाळी ट्रंकेतून काढलीय. कारखान्यात ती कधी नेसलेच नाही.

तो स्टिकर काढायला हात पुढं करतो.

"राहू दे," मी म्हणते. "उद्या हीच साडी नेसून जाणार आहे कोर्टात. साडेचार सांगणार आहे मी."

त्याला सगळं ठाऊक आहे. तो कप खाली ठेवतो.

"आणि परवापासून?"

मी बाणावरून बोट फिरवते. डिंक अजून ओला आहे.