नवी पाटी

विद्यापीठाच्या जागतिक आरोग्य संस्थेसाठी मोठ्या देणग्या आणणं हे आमच्या साहेबांचं काम, आणि मी त्यांच्या हाताखाली. पण त्यांना देणगी मागताना मी फारसं ऐकलंच नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी गुडघेदुखी, मग सुनेची नोकरी, मग दुसरा चहा. पैशाचा विषय निघालाच तर एकदम हिंदीत शिरायचे. "मराठीत मागायला लाज वाटते हो," म्हणायचे.

त्या वर्षी आमची संस्था दुसऱ्या दोन विभागांत मिसळायचं ठरलं. कोण राहणार, कोण जाणार, कुणालाच कळेना. तेवढ्यात गोरखी मोहल्ल्यातल्या एक मराठी काकू यजमानांच्या नावानं अख्खी प्रयोगशाळा द्यायला तयार झाल्या. काकूंनी चेक पुढे केला. साहेबांनी तो हळूच परत त्यांच्याकडे सरकवला.

"काकू, पुढच्या महिन्यात आमचं नाव काय असेल, मलाच ठाऊक नाही. नवी पाटी लागू द्या, मग द्या."

हे मात्र स्वच्छ मराठीत.

त्या चेकवर साहेबांची नोकरी टिकली असती. बाहेर येऊन मी भांडलोच, तर म्हणाले, "चलो, कचौरी खाते हैं." माणूस साधा की पक्का, मला आजही उमगलेलं नाही.

पाटी लागली. काकूंचा फोन आला. "संस्थेचं राहू दे रे. तुझे साहेब कुठल्या खोलीत बसतात, तेवढं सांग. चेक त्यांच्याच हातात देईन."

मी वळून पाहिलं. शिपाई साहेबांची खुर्ची बाहेर नेत होता, आणि ती अडू नये म्हणून ते स्वतः दार धरून उभे होते.

काकू अजून फोनवरच होत्या.