जहाज हलवणारा

आमच्या घरात एका सिनेमाचं नाव काढायची बंदी होती. बाकी कशाचीच नव्हती. आई शेजारणीला मनसोक्त नावं ठेवायची, मी गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या तरी कोणी आवाज चढवला नाही. पण रेडिओवर त्या सिनेमातलं गाणं लागलं, की बाबा उशीवरून मान न उचलता म्हणायचे, "बंद कर." ते गाणं पुढे कसं जातं हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

बाबा सुतार. सिनेमाच्या स्टुडिओत कामाला होते. हा सिनेमा खलाशांचा होता. त्यात कप्तान होता, बंड होतं, वादळ होतं. त्यातलं जहाज बाबांच्याच हातचं. म्हणजे अर्धंच जहाज. वरचा डेक, एक डोलकाठी, एक चाक, आणि खाली तळाचा पत्ता नाही. डेकखाली गोल बुडाचे ओंडके बसवलेले आणि दोन्ही अंगांना लांब वासे बाहेर काढलेले. इकडे चार माणसं, तिकडे चार. ह्यांनी दाबायचं, त्यांनी सोडायचं. वरून पिंपांनी पाणी ओतायचं, मोठे पंखे लावायचे, की झालं वादळ.

एक माणूस आला नाही म्हणून मुकादमाने बाबांना वाशावर उभं केलं. सुताराचं काही ते काम नव्हे, पण नाही म्हणणं बाबांना जन्मात कधी जमलं नाही. अकरा दिवस ते ओल्या कपड्यांनी दाब-सोड करत राहिले. शेजारी एक ताडमाड उंच माणूस होता. त्याला सगळे लांब्या म्हणत. त्याची आणि बाबांची अशी गट्टी जमली, की दोघं एकाच डब्यातून जेवायचे.

बाराव्या दिवशी कप्तान चाक धरून उभा होता, वादळ ऐन रंगात आलं होतं, आणि बाबांची कंबर गेली. हात सुटले. जहाज मध्येच अडकलं आणि मग भलत्याच बाजूला कोसळलं. कप्तान झालेला नट दाणकन आपटला, वरचा कंदील डोलकाठीवर आदळून फुटला. मुकादम सगळ्यांदेखत ओरडला, "तुझ्या एकट्यामुळे सगळ्यांच्या मेहनतीची माती झाली!" बाबांना फळीवर घालून घरी आणलं. त्यानंतर त्यांनी उभ्याने काम केलं नाही.

सहा महिने अंथरुणात काढल्यावर ते खिडकीशी बसून करवतींना धार लावून द्यायला लागले. कानशीचा तो कर्र-कर्र आवाज माझ्या बालपणाला पुरून उरला. कंबरेबद्दल ते फारसं बोलले नाहीत. मुकादमाचं वाक्य मात्र त्यांच्या अंगात मुरलं. धार लावलेली प्रत्येक करवत ते तीन-तीनदा फळकुटावर चालवून बघायचे. समोरचा म्हणायचा, "अहो, झक्क झालीय, द्या आता." तरी बाबा आणखी एक फळकूट कापायचे. "माझा हात लागलाय, नीट बघून न्या," हे वर ऐकवायचे. मला त्या वाक्याचा संताप यायचा. अजून येतो.

सिनेमा लागला तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या आठवड्यात लांब्याकाका दारात आले. हातात दोन तिकिटं. बाबा आत पडद्यामागे पडले होते. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "कोणीही आलं तरी मी घरी नाही. आणि कोणाचा निरोपही आणू नकोस." मी शहाण्या मुलीसारखं म्हटलं, "बाबा घरी नाहीत." लांब्याकाकांनी खाली बघितलं. बाबांच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. मग ते हळूच म्हणाले, "बरं. आले की सांग, कंदील तसाच ठेवलाय."

कसला कंदील, मला काय कळणार? आणि निरोप आणायचा नाही, असा हुकूमच होता. मी नाही सांगितला. लांब्याकाका पुन्हा आले नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी ते गेल्याचं कळलं, त्या दिवशी बाबांनी कानस हातात धरली नाही.

आता बाबा ब्याऐंशीचे. आई गेली. करवती बंद झाल्या, फळकुटांचं खोकं तेवढं पलंगाखाली आहे. मी चपलांच्या दुकानात असते. दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचं आणि घरी येऊन बाबांच्या पायांना तेल चोळायचं. माझे स्वतःचे गुडघे कुरकुरतात, पण त्यांची दखल घ्यायला वेळ कुणाला आहे!

मागच्या महिन्यात दुकानाशेजारच्या काचेत तो सिनेमा दिसला. जुना सिनेमा धुऊनपुसून डीव्हीडीवर आणला होता. मी सरळ घेतला. इतक्या वर्षांची बंदी मोडायची म्हणून घेतला, उगाच खोटं कशाला बोलू? रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती डीव्हीडी बाबांच्या छातीवर ठेवली आणि ओरडा खायच्या तयारीने उभी राहिले.

बाबांनी चष्मा मागितला. वेष्टणावर तिरपं झालेलं जहाज होतं आणि चाकाला लोंबकळणारा कप्तान. बाबा ते चित्र कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी नखाने एका जागी टकटक केलं.

"कंदील फुटलाय."

"मग?"

"अगं, कंदील माझ्या वेळी फुटला. दुसरा टांगून पुढचं काम केलं असणार त्यांनी. फुटलेला कंदील चित्रात कसा?" त्यांनी डीव्हीडी माझ्या हातात दिली. "लाव बघू."

बेचाळीस वर्षांपूर्वीचा निरोप मला तेव्हा कळला.

टीव्ही मी त्यांच्या पलंगाशी सरकवला. थिएटरच्या खुर्चीत तीन तास बसणं त्यांना कधीच जमलं नसतं. इथे आडवं पडून बघता येत होतं. कप्तान, बंड, प्रेमाची भानगड, यातलं काही त्यांनी बघितलंच नाही. वादळ आलं तशी त्यांची बोटं चादरीवर हलू लागली. दाब, सोड. दाब, सोड. आणि मग जहाज अडकलं, भलतीकडे कोसळलं, कंदील फुटला, कप्तान आपटला. चाक आपोआप गरगरलं. कप्तान उठला, ओठावरचं रक्त पुसलं आणि वादळाकडे बघून खदाखदा हसला.

"ठेवलंय," बाबा म्हणाले. "ठेवलंय की गं."

सिनेमा संपल्यावर डीव्हीडीत दिग्दर्शकाची मुलाखत होती. म्हातारा मोठ्या ऐटीत सांगत होता, की लोक त्या हिसक्याबद्दल अजून विचारतात, तो आपल्याला झोपेत सुचला आणि तीन दिवस तालमीत बसवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, मी पत्र लिहिते त्या कंपनीला! थापाड्या मेला!"

बाबा चक्क हसले. "तीन दिवस तालीम? मला तर एका झटक्यात जमलं." मग हसू मावळलं. "जाऊ दे. त्याचं काय घेऊन बसलीस. लांब्याने हे बघितलं असेल का गं? त्याला तरी कळायला हवं होतं, मेहनत फुकट नाही गेली."

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण दमलेल्या माणसाला खोटं सांभाळायचंही ओझं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले.

"बाबा, बघितलं होतं त्यांनी. तेव्हा तिकिटं घेऊन आले ना, तेव्हा निरोप दिला होता माझ्याकडे. कंदील तसाच ठेवलाय, असं सांग म्हणाले. मी सांगितलंच नाही."

मला वाटलं, आता रागावतील. रागवायला हवं होतं.

"सात वर्षांची होतीस तू," ते म्हणाले. "नाही म्हणून सांग, असं मीच सांगितलं होतं."

मी त्यांचा हात धरला. कानशीने घासून गुळगुळीत झालेली बोटं.

"माझ्या चपला दारातच होत्या ना गं तेव्हा?"

"हो."

"त्याने बघितल्या?"

"बघितल्या."

बाबांनी डोळे मिटले.

"तरी निरोप ठेवून गेला," ते म्हणाले.