एकटा ठिपका

सून जंगलखात्यात काय करते, असं कुणी विचारलं की पूर्वी मी "ठिपके काढते" एवढंच सांगायची. खोटं नव्हतं ते. जंगलात दोरी लावून चौकोन आखायचा, त्यात कोणती झाडं, वेली, गवत किती आहे ते टिपायचं आणि कॉम्प्युटरला द्यायचं. तो प्रत्येक चौकोनाचा एक ठिपका करतो. झाडोरा सारखा असेल ते ठिपके जवळजवळ, वेगळा असेल ते लांब. ठिपक्यांचा घोळका जमला की तो जंगलाचा एक प्रकार. ऑफिसात तिला ठिपकेवालीच म्हणतात. रागावले की मीसुद्धा.

दोनेक वर्षांपूर्वी ओढ्याकाठचा एक ठिपका सगळ्यांना सोडून लांब जाऊन बसला. नेमका तिथूनच नवा रस्ता जायचा होता. जंगल वेगळ्या प्रकारचं ठरलं, तरच तो वळणार. साहेब म्हणाले, "टिपण्यात चूक झाली असेल. काढून टाका." त्यांच्याकडे एकट्या ठिपक्याला असंच पुसतात म्हणे.

ही म्हणाली, "एका ठिपक्याचा प्रकार होत नाही, मान्य. पण एकटा आहे म्हणून पुसायचा? आजूबाजूला आणखी चौकोन आखते. त्यांचे ठिपके घोळक्यात गेले, तर चूक माझी. तसं लिहून देते."

लिहून देते! मी कपाळावर हात मारला. "अगं, बढती तोंडावर आलीय. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"आई, तो चौकोन मी स्वतः आखलाय."

माझ्यासारखीच हट्टी निघाली.

मग रोज चिखलाचे बूट दारात, आणि नातीच्या वेण्या माझ्याकडे. शेवटी एका रविवारी तिनं जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला. मुलगा तिच्या खुर्चीमागे उभा, मी हातातलं ताट पुसत तिथेच. नवे ठिपके लाल उमटणार होते. तिनं बटण दाबलं, आणि लाल ठिपके उमटले ते सगळे त्या एकट्याला बिलगून.

"म्हणजे गं?" मी विचारलं.

"म्हणजे शेजार मिळाला त्याला."

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी तेच ताट पुन्हा पुसत राहिले. नकाशात तो नवा प्रकार आला, आणि रस्ता वळला.

परवा शेजारीण कुरकुरत होती, "नव्या रस्त्यानं केवढा वळसा पडतो हो!"

मी मान ताठ करून म्हटलं, "पडणारच. माझ्या सुनेनं वळवलाय."