कमल आता तास घेत नाही

कमल गेल्याचं मला स्टाफरूममध्ये, मोबाइलवर कळलं. प्राचार्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या होत्या : संख्याशास्त्राच्या कमल मॅडम यांचं पहाटे हृदयविकारानं निधन झालं. खाली हात जोडलेली चित्रं आणि पणत्या यायला लागल्या. कोण काय पाठवतंय ते मी बघत बसले. आदल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये 'आल्या बघा जनगणनावाल्या' म्हणून जे तिला हसले होते, त्यांची पणती सगळ्यांच्या आधी आली... मी मोबाइल पालथा ठेवला. रडू आलं नाही, राग आला. जरा निवला की लिहू म्हणून इतके आठवडे थांबले. तो काही निवायला तयार नाही, तेव्हा रागातच लिहिते. कमललाही तेच आवडलं असतं.

आम्ही दोघी एकाच वर्षी सोलापुरातल्या या कॉलेजात लागलो, ती संख्याशास्त्राला आणि मी मराठीला. ती मूळची मंगळवेढ्याची. वर्गात अगदी नेटकं बोलायची, पण माझ्याशी बोलताना आणि चिडल्यावर तिची गावाकडची बोली बाहेर यायची. "तुमचं मराठीवाल्यांचं बरं हाय, शुभे. दोन ओळी म्हणायच्या आन् डोळं पुसायचं. आमाला उत्तर काढावं लागतं." मी म्हणायचे, तुझ्या उत्तरांनी आजवर कुणाचं भलं झालंय ते दाखव. यावर ती डब्यातली शेंगाचटणी माझ्याकडे सरकवायची आणि विषय बदलायची. हा विषय तिनं खरं तर कधीच सोडला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

कॉलेजबाहेरच्या वाचकांना आमची एक रीत सांगायला हवी. सत्र संपत आलं की आम्ही हजेरी 'पुरी' करतो. ज्याची कमी भरते त्याचे रकाने भरून टाकायचे, म्हणजे मूल परीक्षेला बसतं, पालक दारात येत नाहीत आणि तपासणीला समिती आली तर कॉलेज गजबजलेलं दिसतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट आपण दयाळूपणा करतोय असंच वाटतं. मीही केलंय, सगळेच करतात. फक्त कमल करायची नाही. "जी पोरगी दिवाळीपासनं घरी बसलीय, तिला तुमी मार्चपतुर वर्गात बसवताय," ती एकदा भर स्टाफरूममध्ये ओरडली होती. "मग तिला शोधायला जाणार कोण? ती तर हितंच हाय की, तुमच्या कागदावर!" त्यावर कुणीतरी चहा मागवला आणि सगळे चहा प्यायले.

सविता ही तेव्हा तिच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातली मुलगी, मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका गावातून एसटीनं येणारी. ती यायची बंद झाली, तेव्हा कमलनं ऑफिसमधून तिच्या घरचा नंबर घेतला आणि लावला. उचलला सायबर कॅफेवाल्यानं. गावाकडच्या मुलींचे प्रवेशाचे अर्ज तोच भरतो, आणि ओटीपी पटकन मिळावा म्हणून पालकाच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकतो. "मॅडम, या भागातल्या सगळ्या पोरींचा बाप मीच हाय बघा," तो हसत म्हणाला. कमल हसली नाही. आमचं कॉलेज त्या नंबरावर वर्षानुवर्षं निकाल, सूचना, पालकसभेची निमंत्रणं पाठवत होतं, आणि पालकसभेला पालक येत नाहीत म्हणून पालकांच्या नावानं बोटं मोडत होतं. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या माणसांना एकदा तरी तो नंबर लावून बघावासा वाटला नाही?

रविवारी ती मला ओढत घेऊन एसटीनं त्या गावाला गेली. सविता दारातच ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून आत पळाली. तिची आई म्हणाली, "शिकायला न्हाय कोण म्हणतंय मॅडम? पर सकाळची गाडीच बंद झाली. दुसऱ्या गाडीनं जाऊस्तवर तुमचं प्रॅक्टिकल संपतंय. चार-दोन खेपा उलट पावली आली, मग जायलाच लाजाया लागली." परतीच्या वाटेवर कमल खिडकीबाहेर बघत होती. मंगळवेढा मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "हॉस्टेलात खाटा रिकाम्या हायत, शुभे. रेक्टरबाईंना ठाऊक हाय. सविताचा एसटीचा पास रखडलाय हे ऑफिसला ठाऊक हाय, शिक्का तर तेच मारतात. तिनं परीक्षेचा अर्ज भरला न्हाय, हे परीक्षा विभागाला ठाऊक हाय. सगळ्यांना थोडं थोडं ठाऊक हाय आन् कॉलेजला कायच ठाऊक न्हाय." सविता त्याच महिन्यात हॉस्टेलवर राहायला आली. एवढं सोपं होतं ते. सोपं होतं याचाच कमलला सगळ्यात जास्त संताप आला होता.

तिथून पुढे तिनं प्राचार्यांच्या मागे लकडा लावला. मागणी साधी होती. प्रत्येक मुलाची माहिती एकाच जागी ठेवा आणि ती ऑफिस, हॉस्टेल, परीक्षा विभाग, वर्गशिक्षक अशा सगळ्यांना दिसू द्या. नंबर घ्याल तो खऱ्या आईबापाचा घ्या, आणि लावून बघा. हजेरी खरी लावा. आठवड्यातून एकदा बसून बघा, की कोण हळूहळू दिसेनासं होतंय. विभागाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं आपल्या वर्गांपुरतं हे सगळं मांडूनही दाखवलं. प्राचार्य वाईट माणूस नाहीत, वाईट असते तर भांडणं सोपं गेलं असतं. ते म्हणायचे, "मॅडम, काम लई मोलाचं आहे. पण खरी हजेरी दाखवली तर कमिटीपुढं आपली काय अब्रू राहील? यंदा जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू की." पुढच्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं, उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो छापून आले. त्यात आम्ही तीच खोटी हजेरी आणि तेच कॅफेवाल्याचे नंबर भरले. "कचरा हाय तोच, डबा तेवढा नवा आणला," कमल म्हणाली. त्या दिवशी ती फार थकलेली दिसत होती.

शोकसभेत प्राचार्यांनी सांगितलं, की मॅडमचं काम आपण पुढे नेऊ. त्याच आठवड्यात मी तिच्या विभागात गेले, तर कॉम्प्युटर पुसून कोरा करून दुसऱ्या विभागाला दिलेला. "त्यांचं काय खासगी असंल म्हणून काढून टाकलं," असं उत्तर मिळालं. कोणत्या मुलीची गाडी बंद झाली, कुणाच्या घरी लग्नाची बोलणी चाललीत, कुणाला चष्मा हवाय आणि ती मागायला लाजते, हे सगळं त्यात होतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये असल्या गोष्टींना रकानाच नसल्यानं ते फक्त तिथंच होतं. मी जिन्यात उभी राहून एकटीच शिव्या दिल्या, माझं मराठी तेवढं तरी उपयोगी पडलं.

आणि परवा माझ्यापुढे तासिकांचा मासिक अहवाल आला. गुणवत्ता समितीची सदस्य म्हणून माझी त्यावर सही लागते. संख्याशास्त्र, दुसरं वर्ष, सर्व तास पूर्ण. शिक्षकाचं नाव, कमल. मी पुन्हा वाचलं. कमल जाऊन महिना उलटला होता आणि आमच्या कॉलेजात ती रोज तास घेत होती! विद्यार्थी उपस्थिती उत्तम. मी तो कागद घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, कमल वारली."

"हो हो, मॅडम... ते मागच्या महिन्याचंच पुढं ओढलंय बहुतेक. नवीन माणूस मिळेपर्यंत तास रिकामे दाखवता येत नाहीत ना."

"मग त्या वर्गाला आत्ता कोण शिकवतंय?"

त्यांनी घंटी वाजवून क्लार्कला विचारलं. क्लार्कनं सॉफ्टवेअर उघडलं आणि म्हणाला, "कमल मॅडमच दाखवतंय, सर." माझा आवाज त्या दिवशी बाहेर पोर्चपर्यंत ऐकू गेला असं नंतर सगळे सांगत होते. जाऊ दे. जिवंत मुलींना कागदावर वर्गात बसवणाऱ्यांनी शेवटी तिलाही नीट मरू दिलं नाही. सही मी केली नाही आणि करणारही नाही. काय कारवाई करायची ती करा.

केबिनमधून निघाले ती तडक तिच्या वर्गावर गेले. तास तिचाच होता. ती हजेरी कशी घ्यायची हे मी दारातून अनेकदा ऐकलं होतं. आलेल्यांची नावं ती पुकारायची नाही. टेबलाला टेकून उभी राहायची आणि विचारायची, 'कोण आलं नाही?' मुलीच सांगायच्या, कोण आलं नाही आणि का. आता अर्धे बाक रिकामे होते. बसलेल्या मुली आपापल्या मोबाइलमध्ये होत्या. मी टेबलाला टेकले. संख्याशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. मला जेवढं येत होतं तेवढं मी विचारलं.

"कोण आलं नाही?"

मुलींनी मोबाइलमधून माना वर केल्या. मग पहिल्या बाकावरून सविता उठली. मान खाली घालून म्हणाली, "कमल मॅडम."

"बरोबर," मी म्हटलं. माझा आवाज फुटत होता, फुटू दिला. "त्या आता येणार नाहीत. या कॉलेजात हे खरं बोलणारी तू पहिली. बस खाली... आता ज्यांना अजून परत आणता येईल, त्यांची नावं सांगा."

मागच्या बाकावरून एक नाव आलं. मग खिडकीजवळून दुसरं.