दोघांना सारखंच माप

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी बापूच्या सुनेचा फोन आला. "काका, आबा उठंनात वो..." एवढंच बोलली. मी चपला अडकवून कसबा बावड्यातल्या आमच्या दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेतच गेला. लोक म्हणाले, भाग्यवान. मला मात्र त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

बापू म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. पुढे मी मास्तर झालो आणि तो गावच्या दूध संस्थेत टेस्टर. आयुष्यभर लोकांच्या म्हशींच्या दुधाचं फॅट मोजलं त्यानं. वजन एकशे चार किलो, माझं बावन्न. आम्ही रस्त्यानं निघालो की पोरं हसायची आणि बापू त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा. माझी बायको गेल्यावर रोज संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसू लागला. काही विशेष बोलायचा नाही, पण घरात कुणीतरी खोकतंय, खुर्ची करकरतेय, याचाच मला केवढा आधार होता!

वाइनचं खूळ माझं. पुतणीनं नाशिकहून बाटली आणली होती आणि तांबडी वाइन रक्तातली चरबी उतरवते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. बापूनं पहिला घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं. "ह्यो कसला आंबट रस रं, मास्तर? ह्यापरास ताक बरं की!" पण मी औषध म्हटल्यावर त्यानं ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा... ओतायचं काम त्याच्याकडे. दोन्ही ग्लास टेबलावर ठेवून, एवढा देह वाकवून, डोळा ग्लासच्या रेषेत आणून तो माप बघायचा. थेंबाचाही फरक खपायचा नाही. "दोगांस्नी सारकंच," म्हणायचा.

काही महिन्यांनी आम्ही दोघांनी हौसेनं रक्त तपासून घेतलं. माझी चरबी थोडी उतरली होती. बापूचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, दीडशेच्या आत हवे होते, ते मात्र भलतेच चढले होते. मी चिडून डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "अहो, माप सारखं होतं!" त्या शांतपणे म्हणाल्या, "माप सारखं होतं, शरीरं सारखी नाहीत. वजन जास्त असलं की लिव्हरमध्ये बऱ्याचदा आधीच चरबी साठलेली असते. त्यात वाइन गेली की रक्तातली चरबी आणखी वाढू शकते. आणि काका, तुमची उतरली ती वाइनमुळेच, असंही समजू नका." माझं तोंड एवढंसं झालं. बापू मात्र खूश. "व्हय की! येकच पेंड दोन म्हशींस्नी घातली तर फॅट येगळंच लागतंय. मला कळाय पायजे हुतं, मास्तर. तुझा काय दोष न्हाय."

दोष माझाच होता. मी ग्लास बंद केले आणि तपासण्या मी स्वतः करून आणीन, असं त्याला बजावलं. "दीडशेच्या आत आलं की परत बसू," तो म्हणाला. "वाइन नगं. ताक घिऊ, पण त्याच गलासात, सारकं माप." त्यानंतर वर्षभर तो रोज पहाटे नदीच्या बंधाऱ्यापर्यंत चालत गेला. पांढऱ्या रश्श्याची वाटी हातानं बाजूला सारताना त्याचा चेहरा बघवत नसे. संध्याकाळी यायचा, पण चालून दमलेला, लवकर उठून जायचा. तेरा किलो उतरवले पठ्ठ्यानं! गेला त्याच्या आदल्या सकाळी मीच त्याला उपाशीपोटी लॅबमध्ये नेलं होतं. सुई टोचणाऱ्या तिथल्या मुलीला म्हणाला, "पोरी, बेतानं काढ. लई कष्टानं पातळ केलंय."

त्या तपासणीची पावती माझ्या पाकिटात राहून गेली. तेरावं झाल्यावर सापडली, म्हणून काल लॅबमध्ये गेलो. त्याच मुलीनं रिपोर्टचा लिफाफा शोधून दिला. "किती उशीर केला, काका! रिपोर्ट मस्त हाय की. एकशे अडतीस. आजोबांना सांगा, चालणं सोडू नका म्हणावं." तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही. "सांगतो," म्हणालो आणि जिन्याचा कठडा धरून खाली आलो.

बापू, दीडशेच्या आत आलं रे. आता ये की...